शेजारचा पर्याय

बाईंच्या शिकवणीत उताऱ्याचा तास सगळ्यात शेवटी असायचा. गणित झालं, आकृत्या झाल्या, व्याकरण झालं की मुलं जरा सैल व्हायची, आणि मग बाई फळ्याकडे वळायच्या. शहराबाहेरच्या मोठ्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेत उतारे असत, प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असत, आणि मुलं गळायची ती तिथेच. वाचता सगळ्यांना यायचं. घोळ व्हायचा पर्यायांत.

म्हणून बाईंनी त्या चौघांना नावं दिली होती.

"एक असतो खुळा," त्या सांगायच्या. "त्याचा उताऱ्याशी काडीचा संबंध नसतो. त्याला हसा आणि खोडा. दुसरा उलट्या. उतारा पूर्व म्हणाला की हा पश्चिम म्हणणार. त्यालाही खोडा. मग उरतात दोघं. एक खरा आणि एक त्याचा शेजारी. शेजारी दिसायला थेट खऱ्यासारखा. तेच कपडे, तसंच बोलणं. पण त्याच्या खिशात एखादा शब्द जास्तीचा असतो. 'नेहमी', 'फक्त', 'कधीच'. नाहीतर तो जगात खरा असतो, पण आपल्या उताऱ्यात नसतो. मग बोट कुठे ठेवायचं?"

"ओळीवर," मुलं एका सुरात म्हणायची.

"आणि ओळ सापडली नाही तर?"

"तर ते उत्तर नाही."

शिकवणी एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत चालायची. खालच्या इस्त्र्यांमुळे फरशी कायम कोमट असायची आणि दुपारभर ओल्या कपड्यांचा वाफाळ वास जिन्यातून वर यायचा. मुलं शाळा सुटल्यावर एका जुन्या व्हॅनमधून यायची आणि त्याच व्हॅनमधून घरी जायची. व्हॅनवाल्याची मुलगीही त्यांच्यातच शिकायची. ती पुढे बापाशेजारी बसायची, दार ओढून लावायची, कोण आलं कोण राहिलं ते बघायची, म्हणून सगळे तिला कंडक्टर म्हणायचे. बाप मात्र तिला 'साहेब' म्हणायचा. अंगाने काडीसारखी होती, पण उतारा हातात पडला की तिच्यापुढे कोणी टिकायचं नाही. या वर्षी कोणाचा नंबर लागला तर तो कंडक्टरचा, असं बाई मनात धरून होत्या.

आणि नेमकी तीच घसरायला लागली.

आधी बाईंनी मनावर घेतलं नाही. पोरं आहेत, एखादा पेपर बिघडतो. पण पुढचाही बिघडला, त्याच्या पुढचाही. एका दुपारी मुलं यायच्या आधी बाई तिचे पेपर एकाखाली एक मांडून बसल्या. चुकलेल्या प्रश्नांवर लाल खूण करत गेल्या, आणि करता करता त्यांचा हात थांबला.

तिची एकही चूक खुळ्यावर नव्हती. उलट्यावर नव्हती. प्रत्येक चूक शेजाऱ्यावर होती.

ज्याला उतारा कळत नाही, त्याच्या चुका इकडेतिकडे सांडलेल्या असतात. कधी हा, कधी तो, कधी डोळे मिटून कुठलाही. नेमका शेजारीच दर वेळी निवडायचा, तर खरा कुठे राहतो ते आधी ठाऊक पाहिजे. पोरगी चुकत नव्हती. ती चुकवत होती, आणि कोणाला ताकास तूर लागू नये इतक्या बेताने. कोमट फरशीवर बसूनही बाईंच्या अंगावर काटा आला. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला एवढं जपून खोटं बोलायची गरज का पडावी?

खात्री करून घ्यायला त्यांनी स्वतः एक उतारा लिहिला. मधमाश्यांवरचा, साधा. त्यात दोन-तीन प्रश्न असे ठेवले की ज्यांना शेजारीच नव्हता. एक खरा आणि तीन निव्वळ खुळे. संध्याकाळी सगळ्यांना तो सोडवायला दिला. बाकीची मुलं ते प्रश्न बघून खुदकन हसली आणि पुढे गेली. कंडक्टर तिथे येऊन अडकली. पेन्सिल वर धरून बसून राहिली. खुळा निवडला तर पकडली जाणार, खरा निवडला तर मार्क मिळणार. शेवटी तिने ते प्रश्न कोरेच सोडले.

मुलं खाली निघाली तेव्हा बाईंनी तिला थांबवलं.

"हे का सोडलंस?"

"आलं नाही."

"यातलं उत्तर न येणारं मूल माझ्या वर्गात नाही."

तिचे डोळे सारखे खिडकीकडे जात होते. खाली रस्त्याकडेला व्हॅन उभी होती.

"तुला त्या शाळेत जायचं नाहीये का?"

तिने मान हलवली. नाही.

"मग तसं सांग ना घरी. मी बोलू का बाबांशी?"

पोरीच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तिने बाईंचा हात धरला, आणि तो हात गार होता. "बाबांना काही नका सांगू. बाई, प्लीज. मी नीट सोडवीन. पुढच्या वेळी सगळं नीट सोडवीन."

"घरी कोणी मारतं का तुला?"

"नाही." मग पुन्हा खिडकीकडे बघून, "मी जाऊ? बाबा खाली एकटे आहेत."

"एकटे म्हणजे? एवढे मोठे आहेत."

पण ती जिन्यावरून धडधडत उतरलीसुद्धा.

बाईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. व्हॅनवाला त्यांना चांगला माहीत होता. हसतमुख, बोलण्यात गोड, मुलांना नावानिशी ओळखणारा, एखाद्याचा डबा गाडीत राहिला तर परत वर आणून देणारा माणूस. पण घराच्या आत कोण कसं असतं ते बाहेरून कोणाला दिसतं? पोरगी बापाचं नाव काढताच पांढरी पडली होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याला वाटतंय ते खरं निघालं तर काय करायचं? आणि काहीच केलं नाही तर?

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुटल्यावर त्या मुलांबरोबर खाली उतरल्या. "भाऊ, मला दवाखान्याच्या उतारापर्यंत सोडाल का? तिकडे काम आहे."

"या की बाई, त्यात काय विचारायचं," व्हॅनवाला म्हणाला. "साहेब, बाईंना पुढची जागा द्या."

"नाही," पोरगी म्हणाली. एवढ्या जोरात की मागची मुलं गप्प झाली. "पुढे मीच बसणार."

बाप ओशाळून हसला. "ऐकत नाही हो. हट्टी आहे."

बाई मुलांमध्ये दाटीने बसल्या. तिथून त्यांना बापाचा अर्धा चेहरा आणि मुलीची पाठ दिसत होती. गाडी निघाली आणि मुलगी बोलायला लागली. थांबेचना. "बाबा, सतरा नव्वे?" "एकशे त्रेपन्न." "बाबा, आता डावीकडे की उजवीकडे?" "रोजचाच तर रस्ता आहे." "सांगा ना." "डावीकडे, साहेब." "बाबा, पुढच्या ट्रकचा नंबर वाचा." बाप मजेत उत्तरं देत होता. मागच्या मुलांना हा रोजचा खेळ वाटत होता, तीही मधूनमधून प्रश्न टाकत होती.

बाईंना मात्र तो खेळ वाटला नाही. एखादा माणूस अंधाऱ्या विहिरीत उतरला असावा आणि वरच्याने त्याला सारख्या हाका मारत राहावं, तशी ती पोरगी विचारत होती. आणि तिचा उजवा हात. दोन्ही सीटच्या मधे हँडब्रेकची दांडी होती आणि त्या दांडीवर तिची मूठ होती. गाडी सुटल्यापासून ती तिथून हललेली नव्हती.

दवाखान्याचा उतार लागला. खाली मोठा चौक, गोदामांकडून येणाऱ्या ट्रकांची तिथे रांग. व्हॅनने वेग घेतला.

"बाबा, अठरा साते?"

उत्तर आलं नाही.

"बाबा, अठरा साते?"

बाईंनी पुढे वाकून पाहिलं. व्हॅनवाल्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हतं. तोंड हलत होतं, काहीतरी चघळल्यासारखं. एक हात स्टिअरिंगवर तसाच होता आणि दुसरा शर्टाचं बटण चाचपत होता, पुन्हा पुन्हा, तेच बटण. गाडी चौकाकडे चालली होती. समोरून एक ट्रक वळत होता, आणि त्याची अख्खी बाजू काचेत मोठी मोठी होत चालली होती. बाईंना ओरडायचं होतं, पण घशातून आवाज फुटला नाही.

मुलगी ओरडली नाही. ती सीटवरून अर्धी उठली, एका हाताने स्टिअरिंग कडेला ओढलं आणि दुसऱ्या हाताने दांडी, सगळा भार टाकून. चाक फुटपाथच्या दगडाला घासलं, गाडीने आचका दिला, इंजिन धडधडून बंद पडलं. मुलं एकमेकांवर आदळली. ट्रक हॉर्न वाजवत समोरून निघून गेला.

"कंडक्टरने ब्रेक मारला," मागून एक मूल हसत म्हणालं. दुसरंही हसलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

मुलगी बापाच्या दंडावर हात फिरवत होती. "बाबा. बाबा, मी इथे आहे. बाबा."

हळूहळू बटणावरचा हात थांबला. व्हॅनवाल्याने डोळे मिचकावले, इकडेतिकडे पाहिलं. "काय झालं? गाडी का बंद पडली?"

"मांजर आडवं आलं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज साधा होता, हवामान सांगितल्यासारखा.

"मांजर होय," बाप म्हणाला आणि किल्लीकडे हात नेला.

तेव्हा कुठे बाईंना वाचा फुटली. "भाऊ, गाडी चालू करू नका. मुलांनो, खाली उतरा. सगळे. फुटपाथवर उतरा."

मुलं कुरकुरत उतरली. बाईंनी त्यांना एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर बसवलं, दप्तरं मांडीवर धरायला लावली, आणि जागचं कोणी हललं तर बघा, असं बजावून त्या परत आल्या. गाडीच्या दाराला धरूनच त्या उभ्या राहिल्या.

"बाई, मुलांना का उतरवलंत?" व्हॅनवाल्याने विचारलं. तो खरंच गोंधळला होता.

"आधी किल्ली द्या."

"अहो, इथे उभी नाही करता येत गाडी."

"किल्ली द्या भाऊ. मग बोलू."

त्याने किल्ली काढून दिली. बाईंनी ती मुठीत घट्ट धरली. "आत्ता गाडी का थांबली, तुम्हाला आठवतंय?"

"मांजर आलं ना." त्याने मुलीकडे पाहिलं. "हो ना गं?"

"हो."

त्याचा त्या 'हो'वर पूर्ण भरवसा होता. ते बघून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मनात बांधलेलं सगळं कोसळलं होतं. हा माणूस काही लपवत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं.

"मांजर नव्हतं, बाळ," त्या म्हणाल्या.

"होतं," मुलगी म्हणाली.

बापाने तिच्याकडे पाहिलं, मग खाली. तिची मूठ अजून दांडीवर होती आणि बोटांची पेरं पांढरी झाली होती. "साहेब," तो हळू म्हणाला, "तो हात तिथे काय करतोय?"

तिने हात काढून पाठीमागे घेतला. तोंड उघडलं, पण दर वेळी तयार असणारं उत्तर या वेळी आलं नाही. मग ती रडायला लागली. आवाज न करता, खांदे वर करून, जसं घरात कोणी झोपलेलं असताना रडतात.

"बाबा जातात," ती बाईंना म्हणाली. बापाकडे तिला बघवत नव्हतं. "इथेच असतात, पण जातात. मग येतात. तेवढ्या वेळात मी बघते."

व्हॅनवाला दार उघडून खाली उतरला आणि फुटपाथच्या कडेवर बसला. पायऱ्यांवरच्या मुलांकडे तो एकटक बघत राहिला. एक मूल दुसऱ्याच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण पळवत होतं.

"ही सगळी गाडीत असताना?" त्याने विचारलं. "असताना पण झालंय?"

"हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. मोजलं असतं तर भीती वाटली असती."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं होतं. पहिल्यांदा घरी झालं तेव्हा. तेव्हा तुम्ही रडलात." तिने नाक बाहीला पुसलं. "म्हणालात, गाडी गेली तर मी काय करू. म्हणून मग मी म्हटलं, मीच बघीन. पण त्या शाळेत नंबर लागला तर तिथेच राहावं लागतं. मग पुढे कोण बसणार?"

व्हॅनवाल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पोरगी घाबरून त्याच्याकडे धावली. तो पुन्हा गेला असं तिला वाटलं होतं. तिने त्याच्या मनगटावरून हात खाली ओढले, डोळ्यांत बघितलं, आणि तो तिथेच आहे हे कळल्यावर तिथेच मटकन बसली.

त्या संध्याकाळी गाडी तिथेच सोडून बाईंनी सगळ्या मुलांना पायी घरोघर पोचवलं. रस्ता ओलांडताना त्यांनी मुलांचे हात असे आवळून धरले की एकाने तक्रार केली. प्रत्येक दार उघडलं की त्यांना वाटायचं, आता सांगून टाकावं. आणि प्रत्येक वेळी शब्द ओठावर येऊन परत जायचे. सांगितलं तर उद्या शिकवणीत कोण येणार? नाही सांगितलं तर तोंड कसं दाखवणार? गाडी बिघडली, एवढंच त्या पुटपुटल्या, आणि शेवटच्या दारावरून परत फिरताना त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

पण त्यांना ते सांगावं लागलं नाही. सकाळी व्हॅनवाला बायकोला घेऊन त्यांच्या दारात उभा होता. त्याची बायको एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होती, उजाडायच्या आत घर सोडायची. आज तिने खाडा केला होता.

"मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगणार आहे," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल. एकट्याने पाय उचलत नाहीत."

ते तिघं गेले. एका घरात पाणी दिलं गेलं. एका घरातली आजी नुसतीच त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. आणि एका घरात मुलाचा बाप लाल होऊन अंगावर आला. "आमची पोरं तुमच्या हातात देत होतो आम्ही. तुमच्या पोरीने ती दांडी ओढली नसती तर काय झालं असतं, कळतं का?"

"कळतं," व्हॅनवाला म्हणाला. "काल संध्याकाळपासून तेवढंच कळतंय."

त्या माणसाने दार लावून घेतलं. जिना उतरताना बायको भिंतीला धरून थांबली. "मला माहीत होतं बाई," ती म्हणाली. "जेवताना मधेच घास हातात धरून बसायचे. मी म्हणायचे, दमलेत. माहीत नसल्यासारखंच केलं मी."

"वहिनी, चला," बाई म्हणाल्या. त्यांच्याजवळ दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. त्याच वेळी त्या मनात हिशेब करत होत्या की आता किती मुलं उरतील, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. पुढच्या आठवड्यात निम्मी मुलं आली नाहीत.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोक्याला वायरी लावून तपासलं. काय होतं, कसं होतं, हे विचारलं तेव्हा नवराबायको दोघंही मुलीकडे बघायला लागले, कारण ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिनेच नीट पाहिलं होतं. तिने सांगितलं. आधी नजर, मग तोंड, मग बटण. डॉक्टर म्हणाले, या फिटच आहेत, सगळ्याच फिट जमिनीवर पाडणाऱ्या नसतात. औषध आहे. बऱ्याच जणांचं थांबतं, काहींचं नुसतं कमी होतं. पण गाडीला हात लावायचा नाही, आणि कधी लावता येईल ते आज सांगता येत नाही.

व्हॅन विकली गेली. व्हॅनवाल्याला ओळखीच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर काम मिळालं. लाँड्रीवालाही त्याला ठेवून घ्यायला तयार होता, पण इस्त्र्यांजवळ नको, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

खरं बाहेर आल्यावर पोरीची भीती कमी होईल असं बाईंना वाटलं होतं. ती वाढली. आधी तिच्या हातात निदान एक दांडी होती. आता बाप दुकानात, ती शाळेत, आणि मधे एवढं मोठं शहर. वर्गात रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की तिची पेन्सिल थांबायची. शिकवणी सुटली की ती पळत दुकानापर्यंत जायची आणि काचेबाहेर उभी राहून बापाला न्याहाळायची. तो दिसला की मग चालत आत जायची.

परीक्षा जवळ आली होती. बाईंनी तिला एकटीला बसवलं.

"तुला बसायचं नसेल तर बसू नकोस," त्या म्हणाल्या. "मी घरी बोलेन, कोणी रागावणार नाही. पण बसलीस तर शेजाऱ्याकडे जायचं नाही. चुकलं तर खरं चुकलं पाहिजे."

मुलगी बराच वेळ बोटाने फरशीवरची रेघ गिरवत राहिली. "बाई, मी गेले, आणि बाबा गेले, आणि आलेच नाहीत तर?"

असं कधीच होणार नाही, हे शब्द बाईंच्या तोंडापर्यंत आले. त्यांना ऐकू आलं की त्यात 'कधीच' आहे. सगळं आयुष्य मुलांना जे खोडायला शिकवलं तेच आपण हिच्या पुढ्यात ठेवतोय. डॉक्टरांचे शब्द त्यांनी आठवून पाहिले. त्यात अशी ओळ नव्हती.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "औषधाने कमी होतंय, एवढं माहीत आहे. तुझ्या आईला आता सगळं ठाऊक आहे, दुकानातल्या लोकांना ठाऊक आहे, हे माहीत आहे. त्यापलीकडचं मला माहीत नाही. मलापण भीती वाटते."

मुलीने मान वर करून पाहिलं. मोठं माणूस घाबरतं हे तिला नवीन नव्हतं, पण तसं सांगतं हे नवीन असावं. "मी बसते," ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी ती आईवडील आणि बाईंबरोबर बसने गेली. केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांची ही गर्दी. कोणी शेवटच्या क्षणी पाढे म्हणून घेत होतं, कोणी पेन्सिलींना टोकं काढत होतं. मुलीचे ओठ सुकले होते. ती फाटकाच्या आत गेली, परत आली, बापाच्या शर्टाची बटणं बघून पुन्हा गेली.

आत काय झालं ते तिने नंतर बाईंना सांगितलं. उतारा समुद्राच्या पाण्यापासून मीठ कसं करतात त्यावर होता. पहिल्यांदा वाचला तेव्हा अक्षरं दिसली, पण डोक्यात काही शिरलं नाही, नुसता चौकातला ट्रक दिसत राहिला. मग तिने आधी प्रश्न वाचले, मग बोट ओळीवर ठेवलं. बोट सरकत गेलं तसा ट्रक मागे पडला. खुळा खोडला, उलट्या खोडला. पाणी, ऊन, वाफे, मीठ. एकेका प्रश्नाला ती खऱ्याच्या घरात शिरत गेली.

घंटा झाली आणि मुलं बाहेर लोटली. ती डोळे पुसत आली. आईने धावत जाऊन तिला जवळ घेतलं.

"एक आलंच नाही," ती हुंदके देत म्हणाली. "बाई, शेवटचा. खरा कोणता आणि शेजारी कोणता, मला खरंच कळलं नाही. मी अंदाजाने लिहिलं."

बाई हसल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळं हसू आलं. "शाबास," त्या म्हणाल्या, आणि आजूबाजूचे पालक त्यांच्याकडे बघायला लागले.

तिचा नंबर लागला. त्या दिवशी घरात आनंद झाला, पण तो दबकतच झाला. आवाज मोठा केला तर काही बिघडेल, तसा. औषध सुरू झाल्यापासून फिट कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या. निघायच्या आधी मुलीने आईला, दुकानाच्या मालकाला आणि शेजारच्या काकूंना एकेक करून शिकवलं. हाक मारत राहायची. घट्ट धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. पडले तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं. घड्याळ बघायचं, लवकर आले नाहीत तर दवाखाना. दुकानाचा मालक धिप्पाड माणूस, पण तिने तीन वेळा म्हणून घेतलं आणि तो म्हणत गेला.

मग ती गेली. पहिले काही आठवडे रोज संध्याकाळी वसतिगृहातून फोन यायचा. बोलणं एकच. "बाबा कुठे आहेत? बाबांना द्या." त्याचा आवाज ऐकला की दोन शब्द बोलून ठेवून द्यायची. तिथल्या वॉर्डनबाईंनी कळवलं की मुलगी फोनच्या खोलीबाहेर आधीपासून येऊन बसते, जेवणाची घंटा झाली तरी उठत नाही. आईला ते ऐकून रडू आलं. बाप दुसऱ्या दिवसापासून स्वतःच फोनजवळ जाऊन बसायला लागला, पहिल्या घंटेला उचलता यावा म्हणून.

बाईंची शिकवणी हळूहळू पुन्हा भरू लागली होती. एका सकाळी त्या पंख्याचा रेग्युलेटर मिळतो का बघायला त्या दुकानात गेल्या. व्हॅनवाला काउंटरमागे खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. चेहरा उतरलेला होता आणि डोळ्यांखाली झोप नसल्याच्या खुणा होत्या.

"काय झालं भाऊ?"

"काल फोन आला नाही साहेबांचा," तो म्हणाला. "आम्ही दोघं जेवणं सोडून बसून राहिलो. ही तर म्हणायला लागली, आत्ताच्या आत्ता निघू. शेवटी मीच लावला तिकडे."

"मग?"

"वॉर्डनबाई म्हणाल्या, मैदानावर कसलासा सामना होता, तिकडेच गेली सगळ्या मुलींबरोबर. परत आली ती दमून झोपली." त्याने एक चिठ्ठी चिकटवली, वाकडी लागली म्हणून काढली, पुन्हा चिकटवली. "विसरली हो बाई. विसरून गेली आम्हाला."

तो हसत होता की त्याचा गळा भरून आला होता, ते बाईंना कळेना. त्यांनी विचारलंही नाही. रेग्युलेटर दुकानात नव्हता. तो म्हणाला, उद्यापर्यंत मागवून ठेवतो.